डाव्या हाताचा टाका

डावरेमामांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ते मागे वळूनही बघत नसत. लहानपणी डाव्या हाताने जेवतो म्हणून आईने तो हात फडक्याने कमरेला बांधून ठेवला होता, शाळेत गुरुजींनी बोटांवर पट्ट्या ओढल्या होत्या. एवढा खटाटोप करून साधलं काय, तर पोरगा उजव्या हाताने लिहायला शिकला आणि बाकीचं सगळं आयुष्य डाव्या हातानेच करत राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आधी सगळे त्यांना डावऱ्या म्हणत, मग केस पिकले तसं डावरेमामा म्हणायला लागले, आणि त्यांच्या बायकोला ओघानेच मामी.

मामा बॅगा शिवत. साध्यासुध्या नव्हेत. काचेच्या कपाटात ज्या एकेकट्या बसवलेल्या असतात, ज्यांच्यावर वरून दिवा सोडलेला असतो आणि ज्यांची किंमत विचारण्याआधी आपण आपल्याच चपलांकडे बघतो, त्या. मामी त्यांना मुद्दाम पिशव्या म्हणत.

“आज किती पिशव्या झाल्या?” असं विचारलं की मामांच्या कपाळाला आठी पडे.

“बॅग म्हण.”

“का? तिच्यात भाजी राहात नाही?” मामी विचारत. “आणि घेणारीचं म्हणाल, तर नाकापेक्षा मोती जड.”

मामींचं एक बरं होतं. त्यांना बॅगांमधलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

कारखाना म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजवरचा एक लांबोळा हॉल. खालून ऑइलचा वास वर येई आणि वरून चामडं चिकटवायच्या सोल्युशनचा वास खाली जाई. बॅगेचं पोट मशीनवर शिवलं जायचं, पण हँडल आणि झाकण हाताने. हातशिलाईची माणसं खिडकीपाशी बसत, कारण ट्यूबलाइटमध्ये काळ्या चामड्यावरचा काळा दोरा दिसत नाही. लाकडी चिमटा गुडघ्यांत धरायचा, त्यात चामडं अडकवायचं, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून एक सुई इकडून घालायची, एक तिकडून. अशा शिलाईचा टाका सरळ पडत नाही, थोडा तिरपा पडतो. उजव्या हाताच्या माणसाचा टाका एका बाजूला झुकतो. मामांचा दुसऱ्या बाजूला झुकायचा. कुणी बोट ठेवून दाखवल्याशिवाय दिसू नये एवढाच फरक.

कंपनी परदेशातली होती. तिचं नाव कारखान्यात कुणी घेत नसे. नुसतं ‘कंपनी’ म्हणत, जशी काही जगात ती एकच होती. कंपनीतर्फे माल बघायला एक बाई येत. त्यांना सगळे ‘बाई’च म्हणत. लेबलांची पेटी त्यांच्याच ताब्यात, कुलपात. लेबलावर ज्या गावाचं नाव छापलेलं होतं ते गाव कारखान्यातल्या कुणी नकाशातसुद्धा बघितलं नव्हतं, पण लेबल शिवलं की बॅग त्या गावात बनली असं ठरायचं. बाईंनी मामांचं काम पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा भिंग लावून बराच वेळ बघितलं. नखाने दोरा ओढला, हँडलला वजन लावून टांगलं.

“उलटा आहे तुमचा टाका,” त्या म्हणाल्या. मामांनी डावा हात पाठीमागे घेतला. “पण पक्का आहे. चालू द्या.”

उभ्या आयुष्यात मामांच्या डाव्या हाताला कुणी ‘चालू द्या’ म्हटलं ते तेवढं एकदाच. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मामींना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मामी म्हणाल्या, “कळलं हो. आता जेवा.” आणि मामा डाव्या हाताने जेवले.

वर्षं गेली, लेक मोठी झाली, मामांच्या चष्म्याच्या काचा जाड झाल्या. मग एक दिवस कंपनी निघून गेली. कुठे तरी मजुरी आणखी स्वस्त मिळाली असं मालक म्हणाले. कंपनीने मात्र जगाला सांगितलं की आमची प्रत्येक बॅग आमच्याच गावात, आमचेच पिढीजात कारागीर बनवतात, आणि पहिल्यापासून असंच आहे. गॅरेजच्या डोक्यावर बसून इतकी वर्षं सोल्युशन हुंगलेल्या माणसांनी हे ऐकलं आणि आपापले डबे उघडले. दुसरं करणार काय?

शेवटचा माल बांधला जात होता त्या दिवशी मामांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. बाईंसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “लेकीचं लग्न ठरलंय.” एवढंच. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग ढिगातून मामांनीच शिवलेली एक गडद तपकिरी बॅग काढली, पेटी उघडून आपल्यासमोर त्यांना लेबल शिवायला लावलं, आणि पांढऱ्या कापडी खोळीत घालून हातात दिली.

“कुणाला सांगू नका,” बाई म्हणाल्या. पावती अर्थातच नव्हती. भेट देणारा पावती देत नाही.

ती बॅग लेकीच्या हातात ठेवताना मामा पहिल्यांदाच थोडे मोठ्या आवाजात बोलले. “ही बाजारातली नाही. ही तुझ्या बापाने शिवली आणि कंपनीने पास केली. तुझ्या सासरी अशी कुणाकडे असेल, तर ती तिने विकत घेतलेली असेल. तुझी तशी नाही.” लेक रडली. सासर चांगलं खातंपितं होतं, आणि माहेरचं म्हणून ताठ मानेने मिरवावं असं तिच्यापाशी तेवढंच होतं. ती मिरवायची. “बाबांनी शिवलीय, अगदी कंपनीची,” हे तिने सासरच्या एकूण एक माणसाला सांगून झालं होतं.

इकडे कारखाना बंद पडणार असं सगळे धरून चालले होते. पण मालक काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

“साचे आपल्याकडे आहेत,” ते सगळ्यांना जमवून म्हणाले. “ठसे आपल्याकडे. चामडं त्याच माणसाकडून येतं. हात तेच. मग नकली काय झालं, सांगा मला? लेबल? ते छापून मिळतं.”

मामा म्हणाले, “मग लेबलावर आपलं नाव घालू ना. बॅग तशीच, नाव आपलं. जिला ती महागाची परवडत नाही, ती ही घेईल.”

“आपलं नाव?” मालक हसले. “मामा, आपलं नाव खांद्याला अडकवून कोण फिरणार?”

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. मामांनाही हसावं लागलं.

घरी वाद झाला तो वेगळाच. मामी कंपनीवर आधीपासून खार खाऊन होत्या. “एखाद्या बाईने स्वस्तातली तसलीच घेतली तर कुणाचं घर बुडतं?” त्या म्हणाल्या. “कंपनीचं? बुडू दे. जाताना तिने तुमच्याकडे वळून तरी बघितलं का? वर म्हणते कशी, तुम्ही नव्हतातच. चोराच्या उलट्या बोंबा!”

“स्वस्तातलीबद्दल माझं काही नाही. पण खोटं नाव लावायचं म्हणजे...”

“खोट्या नावाचं मला नका सांगू. तुम्हाला तरी कोण खऱ्या नावाने ओळखतं?”

मामा चार ठिकाणी काम शोधून आले. शाळेची दप्तरं शिवणाऱ्यांनी विचारलं, मशीन चालवता का? पट्टे करणाऱ्यांनी चष्म्याकडे बघितलं आणि कळवतो म्हणाले. शेवटी मामा गॅरेजचा जिना चढून पुन्हा आपल्या खिडकीपाशी जाऊन बसले. समोर चिमटा, सुया, मेण, सगळं जागच्या जागी होतं. पहिलं हँडल चिमट्यात अडकवलं आणि डावा हात उचलला. तो पुढे जाईना.

आणि इथे मामांनी जी गोष्ट केली ती शहाण्या माणसाला सुचली नसती. त्यांनी सुयांची अदलाबदल केली आणि नकली बॅग उजव्या हाताने शिवायला घेतली.

त्यांच्या मनाशी हिशेब सरळ होता. डावा हात बाईंनी पास केला होता. लेकीच्या बॅगेवर तो हात होता. त्या हाताने खोटं शिवायचं नाही. उजवा हात असाही मारून मुटकून तयार केलेला, दुसऱ्यांच्या धाकाने चालणारा. त्याने करावी चोरी. एक हात सोवळा ठेवायचा आणि दुसऱ्याने पाप करायचं, असली वाटणी देवापुढे तरी चालते का कुणास ठाऊक. मामांपुरती ती चालली. सुरुवातीला बोटं फुटली, काम रेंगाळलं. “मामा, हात दुखतो का?” असं मालकांनी विचारलं. “दुखतो,” मामा म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. पुढे मनगट सरावलं. एक दिवस मालक कंपनीच्या जाहिरातीतला मोठा फोटो घेऊन आले, मामांचं हँडल त्याच्याशेजारी धरलं आणि खूश झाले. “अहो, हुबेहूब! टाकासुद्धा तसाच झुकलाय. तुमचा आधीचा उलटा असायचा.” मामांनी मान हलवली आणि दोऱ्याला मेण लावत बसले.

माल कुठे जातो ते त्यांनी कधी विचारलं नाही. लेकीला सांगितलं, पट्टे शिवतो. लेकीने तिच्या सासरी सांगितलं, बाबा आता घरबसल्या हलकंफुलकं काम करतात. एवढं सगळं जुळून बसलं होतं.

लेकीची नणंद मोठ्या घरात दिलेली, हौशी, आणि मनाने खरंच चांगली. तिच्याकडेही तसलीच तपकिरी बॅग होती, बड्या दुकानातून पावतीसकट घेतलेली. वापरलेल्या महागड्या वस्तू विकत घेणारं एक दुकान नवंच उघडलं होतं, तिथे ती आपली बॅग द्यायला निघाली. “वहिनी, तुझीही घे बरोबर. विकायची नाही गं, नुसती दाखवू. बघू तरी काय किंमत सांगतात,” असं म्हणून वहिनीलाही घेऊन गेली. दुकानातल्या माणसाने दोन्ही बॅगा दिव्याखाली धरल्या, उलटसुलट केल्या. मग नणंदेची जपून मखमलीवर ठेवली आणि लेकीची दोन बोटांनी काउंटरवरून तिच्याकडे सरकवली.

“ही नकली आहे, मॅडम,” तो हळू आवाजात म्हणाला. फार सभ्य माणूस होता.

घरी सासूबाई काही टाकून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “आम्ही काही मागितलं नव्हतं हो. साधी दिली असती तरी आम्हाला चालली असती. पण सांगायचं ते खरं सांगायचं.” लेकीने जेवण अर्धं टाकलं. नवरा समजूत घालायला लागला तर त्याचा राग आला. दोन-तीन दिवस तिने गिळले आणि मग ती माहेरी आली. बॅग खांद्याला नव्हती, कापडी खोळीत घालून आणली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “खरं काय ते सांगा. मी चिडणार नाही.”

मामांना ते ‘चिडणार नाही’च जास्त लागलं. म्हणजे पोरीने मनात ठरवूनच टाकलं होतं आणि आता फक्त माफ करायला आली होती.

“खरी आहे,” ते म्हणाले. “तुझ्या गळ्याशपथ खरी आहे. कोण तो दुकानदार? चल, मी बोलतो त्याच्याशी. टाका बघून म्हणाला असेल. मी डावरा, माझा टाका उलटा पडतो. त्या कालच्या पोराला काय माहीत? मी समजावून सांगतो, दोन मिनिटांचं काम आहे.”

मामी आतून पदराला हात पुसत बाहेर आल्या. “जाऊ नका,” त्या म्हणाल्या. “पोरीला सांगितलंत, झालं. दुकानात जाऊन कशाला हात दाखवून अवलक्षण?”

मामांनी ऐकलं नाही. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या अंगात बळ आलं होतं. लेकीचा उतरलेला चेहरा आपण दोन मिनिटांत पुन्हा वर करू शकतो, ही भावना कुठल्याही बापाला वेड लावते. त्यांनी धुतलेला सदरा घातला, दाढी केली. लेकीच्या डोळ्यांतही थोडी आशा आली. तिने नणंदेला फोन केला, तर ती म्हणाली, “मी पण येते. माझी अजून दिलेली नाही, तीच घेऊन येते. दोन्ही शेजारी ठेवल्या म्हणजे काकांना बोलायला सोपं जाईल.”

दुकान थंडगार होतं. जमीन इतकी गुळगुळीत की मामा जपून पावलं टाकत होते. तपासणाऱ्या माणसाने पांढरे हातमोजे घातले होते. त्याने तिघांना बसायला गुबगुबीत खुर्च्या दिल्या, पाणी विचारलं. मग लेकीची बॅग दिव्याखाली घेतली आणि हँडलवर बारीक काडी टेकवली.

“हे बघा काका. कंपनीचा टाका या बाजूला झुकतो. नेहमी. हा उलटा झुकलाय. चामडं चांगलं आहे, आत छापलेला नंबरही आहे, पण नंबर काय, आजकाल कुणीही टाकतं.”

“उलटा आहे, कारण मी डावरा आहे,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. “ही मी शिवलीय. हा माझा टाका. सुई-दोरा द्या मला, इथे बसून करून दाखवतो. नाही अस्सा पडला तर बोला!” आणि त्यांनी डावा हात काउंटरवर ठेवला.

हातमोजेवाल्याने त्या हाताकडे बघितलं, मग मामांकडे. “काका, तुम्ही शिवलीय ना?” तो मऊपणे म्हणाला. “मी तरी दुसरं काय म्हणतोय?”

मामांना क्षणभर कळेना. लेकीला आधी कळलं. तिने मान खाली घातली.

“कंपनीच्या बॅगा कंपनीच्या गावी शिवतात,” तो माणूस सांगत होता. “इथे कुणी शिवली असेल, तर ती नकलीच.”

“पण कंपनीच्या बाई यायच्या! त्यांनी लेबल दिलं, स्वतः!”

“नाव काय त्यांचं?”

बाईंना सगळे बाईच म्हणायचे.

“पावती आहे?”

पावती नव्हती. एवढी वर्षं शिवलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांच्या डाव्या हाताच्या बॅगा जगभर कुठे कुठे फिरत असतील, आणि अशाच कुठल्या दिव्याखाली अशाच कुठल्या हातमोज्याने त्या बाजूला सरकवल्या असतील. किती बायकांनी माना खाली घातल्या असतील. पैसे मोजून खरी घेतली आणि खोटी ठरली. त्यांना हातमोजेवाल्याचा, कंपनीचा, स्वतःचा, सगळ्यांचाच संताप आला.

“आता ही बघा,” तो माणूस म्हणाला आणि त्याने नणंदेची बॅग शेजारी ठेवली. “याला म्हणतात अस्सल. टाका बघा कसा आहे. असा टाका नकली करणाऱ्यांना जमतच नाही.”

मामा वाकले. चष्मा वर केला आणि डोळे हँडलच्या अगदी जवळ नेले. टाका योग्य त्या बाजूला झुकलेला होता. सुबक होता. पण हँडल जिथे वळून खाली येतं त्या वळणावर एक टाका बाकीच्यांपेक्षा आखूड होता. तिथे त्यांचं उजवं मनगट नेहमी अडकायचं. डाव्याचं कधी अडकलं नाही, उजव्याचं दर वेळी अडकायचं, कितीही जपलं तरी. दुसऱ्या बाजूच्या वळणावरही तो आखूड टाका होता. मामांनी तो बोटाने चाचपला. बघायची गरज नव्हती.

आता एक वाक्य बोललं की सगळं फिरलं असतं. ही नकली आहे, गॅरेजवरच्या हॉलमध्ये बनलीय, मी बनवलीय, अजूनही बनवतो. मग लेकीची बॅग खरी ठरली असती का? तीही नसती ठरली. फक्त बाप खोट्या बॅगा बनवणारा ठरला असता, नणंदेच्या हौसेची माती झाली असती, आणि त्या घरात लेकीला जन्मभर कोपऱ्यात उभं राहावं लागलं असतं. उद्या कुणी कारखान्यावर गेलं असतं, तर खिडकीपाशी बसणाऱ्या सगळ्यांच्या पोटावर पाय आला असता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि बोलायचं कुणाविरुद्ध? आपलेच दात, आपलेच ओठ. इथे तर हातसुद्धा दोन्ही आपलेच होते.

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “सांगा ना त्यांना.” तिला अजून वाटत होतं की बाबांकडे सांगण्यासारखं काही तरी आहे. हीच त्या दिवसातली सगळ्यात वाईट गोष्ट होती.

मामा सरळ झाले. काउंटरवरचा हात काढून त्यांनी मांडीवर घेतला.

“त्यांचं बरोबर आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“ही मी घरी शिवली होती, पोरी. साचा माहीत होता. लेबल बाजारातून आणलं. तुला द्यायची तर होती, आणि कंपनीची आपल्याला कुठली मिळायला.” एवढं बोलून ते थांबले. मग आणखी म्हणाले, “चूक झाली.”

खोटं बोलताना ते एरवी चाचरत असत, पण हे त्यांना सरळ जमलं. हातमोजेवाल्याने समजूतदारपणे नजर दुसरीकडे वळवली. त्याला रोजच अशी माणसं भेटत असावीत. लेकीने ती तपकिरी बॅग खोळीत घातली, खोळीची नाडी ओढली, आणि ती मांडीवरही न घेता खुर्चीच्या पायाशी ठेवून दिली.

नणंदेचे डोळे मात्र भरून आले. “काका, असू दे हो,” ती म्हणाली. “बापाचं मन असतं. त्यात काय एवढं?” मग वहिनीचा चेहरा बघून तिला राहवलं नाही. तिला नवी घ्यायला जुनी विकायची गरज होतीच अशी नव्हती. घरात एक कप्पा रिकामा होईल एवढंच. तिने आपली बॅग काउंटरवरून उचलली, आतले दोन-चार कागद काढून घेतले आणि वहिनीच्या मांडीवर ठेवली.

“ही तू वापर. नको म्हणायचं नाही. घरात कुणाला काही सांगायचं नाही, मी सांगते सगळ्यांना, मी दिली म्हणून.”

“नको हो, ताई.”

“घे म्हणते ना. अस्सल आहे, आत्ताच ऐकलंस.”

लेकीने दोन-तीनदा नको म्हटलं. मग बोटांनी चामडं चाचपलं, झाकण उघडून बघितलं. किल्ल्या आत टाकल्या, रुमाल टाकला, झाकण लावलं. इतके दिवस मिटलेला तिचा चेहरा जरा मोकळा झाला. एवढं झाल्यावरही तिला कुठे तरी धास्ती असावी, कारण ती मामांकडे वळली आणि बॅग दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

“बाबा, तुम्ही एवढी वर्षं या कामात काढलीत. तुम्हाला कळतं. तुम्हीच सांगा, ही तरी खरी आहे ना?”

मामांनी बॅग हातात घेतली. नणंद बघत होती, हातमोजेवाला बघत होता. मामांनी हँडलवरून अंगठा फिरवला. वळण आलं तिथे अंगठा जरा थांबला.

“खरी आहे,” ते म्हणाले.

लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला. बॅग परत घेतली, खांद्याला अडकवली, भिंतीवरच्या आरशात एकदा बघितलं. मग नणंद पाकीट चाचपत दाराकडे निघाली तेव्हा लेक मामांच्या कानाशी वाकली आणि तिला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

“मग तेव्हा मला अशीच का नाही दिलीत, बाबा?”